कैद्यांचा मक्ता

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ‘शुगर लँड’ नावाचे एक गाव आहे. शुगर लँड म्हणजे साखरेची भूमी. नावावरूनच ध्यानात येते, की तेथे पूर्वी उसाचे मोठाले मळे होते. २०१८ सालच्या फेब्रुवारीत या गावी एका नव्या शाळेसाठी जमीन खणण्याचे काम चालले होते. खणता खणता माणसाची हाडे लागली. काम थांबले. पुराणवस्तू-संशोधक आले. त्यांनी हलक्या हाताने माती बाजूला केली, तेव्हा एक नाही, दोन नाही, ९५ माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांत एक बाई, बाकी सारे पुरुष. सर्वांत लहान होता तो चौदा वर्षांच्या सुमाराचा, आणि सर्वांत थोर सत्तरीचा. हाडे पाहणाऱ्यांनी सांगितले, की या लोकांनी जन्मभर अतिशय जड काम केलेले दिसते.

या भागात बेवारस कबरी असल्या पाहिजेत, असे रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षे सांगत होते. ते पूर्वी टेक्सासच्या तुरुंगात पहारेकरी होते. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. शेवटी जमिनीनेच साक्ष दिली.

आता तुम्ही म्हणाल, ही गुलामांची दफनभूमी असेल; अमेरिकेत गुलामगिरी होती हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण तसे नाही. हे लोक पुरले गेले ते १८७८ ते १९११ या काळात. आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती १८६५ सालीच. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही माणसे गुलाम नव्हती. ते कैदी होते. टेक्सास सरकारने त्यांना मळेवाल्यांना मक्त्याने दिलेले होते.

मक्ता हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत नवा नाही. बाजाराचा मक्ता असतो, नावेचा मक्ता असतो, चिंचेच्या झाडांचासुद्धा मक्ता देतात. सरकार किंवा गाव एक ठरीव रक्कम घेऊन मोकळे होते आणि पुढचे सारे उत्पन्न मक्तेदाराचे. मक्तेदार त्या झाडाची निगा राखतो की फांद्या मोडून चिंचा काढतो, हे मग कोणी पाहत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात साठ वर्षे असाच मक्ता माणसांचा दिला जात होता. तो कसा सुरू झाला आणि गुलामगिरीशी त्याचे नाते काय, हे आज आपण पाहू.

अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. दक्षिणेचा पराभव झाला आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती दाखल झाली. तिचा आशय असा, की अमेरिकेच्या हद्दीत गुलामगिरी किंवा सक्तीची चाकरी असणार नाही. मात्र एखाद्यावर रीतसर गुन्हा शाबीत झाला असेल आणि त्याची शिक्षा म्हणून ती दिलेली असेल, तर तेवढा अपवाद.

हा अपवाद काही त्या दिवशी नव्याने सुचलेला नव्हता. १७८७ साली ओहायो नदीच्या वायव्येकडील मुलखासाठी एक कायदा झाला होता. त्यात गुलामगिरीला बंदी करताना जवळजवळ हेच शब्द घातले होते. तेच शब्द घटनेत आले. कैद्याला कामाला लावायचे ही त्या काळी सगळीकडची रीत. त्यामुळे ते शब्द बहुतेकांना खटकले नाहीत. पण कायद्याचा अर्थ नुसता शब्दांत नसतो. तो कायदा कोणाच्या हाती पडतो, त्यांची गरज काय, यावरही तो ठरतो. तेव्हा त्या वेळची दक्षिणेची स्थिती पाहिली पाहिजे.

दक्षिणेत कापूस, ऊस, तंबाखू, भात यांची शेती होती आणि ती गुलामांच्या कष्टावर उभी होती. ते मनुष्यबळ एकाएकी मालकाच्या हातून सुटले. आता मजूर हवा तर मजुरी द्यावी लागणार, आणि पटले नाही तर तो काम सोडून जाणार! मळेवाल्यांना हे सोसवेना. दुसऱ्या बाजूला, मोकळे झालेल्या लोकांपाशी काय होते? अंगावरचे कपडे आणि दोन हात. जमीन नाही, बैल नाही, बियाणे नाही. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मन यांनी समुद्रकाठच्या एका पट्ट्यात मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमिनी देण्याचा हुकूम काढला होता. काहींनी त्या कसायलाही घेतल्या. पण त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यांतल्या बहुतेक जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याला दुसऱ्याच्या बांधावर जावेच लागते.

तरीही तो कोणाच्या बांधावर जाणार आणि किती दिवस राहणार, हे त्याच्या मर्जीवर होते. ती मर्जी मोडण्यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी कायदे केले. मिसिसिपी राज्याने १८६५ च्या नोव्हेंबरातच, म्हणजे तेराव्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब होण्याच्या आधीच, असा कायदा करून टाकला. दर जानेवारीत प्रत्येक कृष्णवर्णीय माणसाजवळ आपण कोठे राहतो आणि कोणाकडे कामाला आहोत याचा लेखी पुरावा असला पाहिजे. तो नसेल, माणूस कामाविना आढळला, तर त्याला उनाड ठरवायचे आणि ५० डॉलरपर्यंत दंड करायचा. दंड पाच दिवसांत भरला नाही तर शेरीफने, म्हणजे तिकडच्या फौजदाराने, त्याला चाकरीला द्यायचे. कोणाला द्यायचे? तर त्याचा दंड भरून जो कोणी कमीत कमी दिवसांची चाकरी मागेल, त्याला. काल ज्याची माणसाच्या विक्रीत बोली लागत होती, त्याची आज दंडावर बोली लागू लागली.

हे कायदे इतके उघड होते, की उत्तरेकडून ओरड झाली. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यांमुळे ‘काळ्यांसाठी वेगळा कायदा’ असे लिहिणे अवघड झाले. मग तोच कायदा रंगाचे नाव न घेता लिहिला गेला. उनाडपणाचा कायदा सर्वांना लागू. पण पकडायचे कोणाला, हे शेरीफच्या मनावर. मिसिसिपीत १८७६ साली चोरीचा कायदा कडक केला. कोणतेही पाळीव जनावर, मग ते एखादे डुकराचे पिलू का असेना, किंवा दहा डॉलर किमतीची वस्तू चोरली, तर ती मोठी चोरी समजून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. लोक त्याला ‘डुकराचा कायदा’च म्हणत. त्या राज्याच्या तुरुंगात १८७४ साली २७२ कैदी होते. १८७७ अखेर ते १,०७२ झाले. तीन वर्षांत माणसे चौपट वाईट होत नाहीत. गुन्ह्याची व्याख्याच बदलली होती.

आता इतक्या कैद्यांना ठेवायचे कोठे? युद्धात इमारती जळाल्या होत्या, सरकारी तिजोऱ्या रिकाम्या होत्या. त्याच वेळी लोहमार्ग टाकायचे होते, कोळशाच्या खाणी खणायच्या होत्या, जंगले तोडायची होती, आणि या कामांना सहजासहजी मजूर मिळत नव्हता. दोन्ही गरजा एकत्र आल्या. सरकारने कैदी मक्तेदाराला द्यायचे; त्यांचे अन्नवस्त्र आणि पहारा मक्तेदाराने पाहायचा; आणि वर सरकारला पैसेही द्यायचे. सरकारचा खर्च वाचला, उलट उत्पन्न सुरू झाले.

जॉर्जिया राज्याने १८६८ साली एका लोहमार्ग कंपनीच्या कामासाठी १०० कैदी एका वर्षाकरता २,५०० डॉलरना दिले. म्हणजे माणशी वर्षाला २५ डॉलर पडले. युद्धापूर्वी शेतकामाचा धट्टाकट्टा गुलाम विकत घ्यायला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. मिसिसिपीत तर त्याच साली एडमंड रिचर्डसन नावाच्या कापसाच्या बड्या धनिकाशी जो करार झाला, त्यात सरकारनेच त्याला कैद्यांच्या पोषणासाठी वर्षाला १८,००० डॉलर द्यायचे कबूल केले. माणसे फुकट, आणि वर खुराकी! पुढे पुढे मात्र मागणी वाढली तसे दरही वाढले. अलाबामा राज्यात १८९८ साली सरकारच्या एकंदर उत्पन्नापैकी शेकडा ७३ इतका भाग कैद्यांच्या मक्त्यातून येत होता. ज्या सरकारचे पोट कैद्यांवर चालते, त्याला गुन्हे कमी व्हावेत असे कशाला वाटेल?

ही झाली मोठ्या तुरुंगांची गोष्ट. जिल्ह्याच्या पातळीवर याहून वाईट प्रकार चालत असे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. शेरीफ, कारकून, साक्षीदार यांना प्रत्येक खटल्यामागे फी मिळे. ही फी आरोपीकडून वसूल व्हायची. त्याच्याजवळ पैसे नसले, आणि ते बहुधा नसतच, की तितके दिवस त्याची शिक्षा वाढायची. एकच उदाहरण देतो. ग्रीन कॉटनहॅम हा बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. गुलाम म्हणून जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा. १९०८ च्या मार्च महिन्यात अलाबामात त्याला उनाडपणाच्या आरोपावरून धरले. शिक्षा झाली तीस दिवस सक्तमजुरीची. पण खटल्याची फी त्याला भरता येईना, म्हणून तीस दिवसांचे जवळजवळ एक वर्ष झाले. दुसऱ्याच दिवशी त्याला एका पोलाद कंपनीच्या कोळशाच्या खाणीवर पाठवण्यात आले. कंपनी त्याच्याबद्दल दरमहा १२ डॉलर जिल्ह्याकडे भरणार होती. त्याने दिवसाला आठ टन कोळसा काढायचा. न काढला तर चाबूक. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये तो त्या खाणीवर क्षयाने वारला. डग्लस ब्लॅकमन या पत्रकाराने २००८ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे ही हकीकत पुन्हा लोकांपुढे आली.

आपल्याकडे म्हण आहे, ‘भाड्याचे घोडे ओझ्याने मेले’. घरचा बैल असला म्हणजे शेतकरी त्याला दुपारी सावलीत बांधतो, पाणी दाखवतो, दुखले खुपले तर औषध करतो. दया म्हणून करतो तसे नुकसान होऊ नये म्हणूनही करतो. भाड्याच्या बैलाला ही काळजी कोण घेणार? कैद्यांचे तसेच झाले. गुलाम मेला तर मालकाचे हजार डॉलर बुडत. कैदी मेला तर मक्तेदाराचे काहीच बुडत नसे. सरकार दुसरा पाठवी. त्यामुळे रोग्याला औषध नाही, थंडीत पांघरूण नाही, खाणीत गुडघाभर पाण्यात काम, रात्री साखळदंडात निजणे. अलाबामाने कैदी मक्त्याने द्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या दोन वर्षांत शेकडा २० च्या आसपास कैदी मेले. तिसऱ्या वर्षी शेकडा ३५, आणि चौथ्या वर्षी शेकडा ४५ च्या सुमारास. न्यायाधीशाने शिक्षा दिली होती काही महिन्यांची नाही तर काही वर्षांची. फाशीची नव्हे.

यावरून कोणी असे समजू नये, की जुनी गुलामगिरी त्या मानाने सौम्य होती. तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. गुलामगिरी जन्माने येत असे. आई गुलाम तर मूल गुलाम. ते मूल आईच्या कडेवरून काढून विकता येई. चाळीस लाख माणसे त्या बंधनात होती. मक्त्यावर दिलेले कैदी एका वेळी त्या मानाने फार थोडे. आणि त्यांच्या शिक्षेला निदान कागदावर तरी शेवट होता. दोन्ही गोष्टी एकच होत्या असे नाही. नाते आहे ते असे: तीच जमीन, तीच पिके, पुष्कळ ठिकाणी तेच मालक, तोच चाबूक, आणि कैद्यांत बहुसंख्य लोक त्याच गुलामांचे मुलगे नि नातू. सक्तीने काम घेण्याची जी सवय लागली होती, ती मोडण्याऐवजी कायद्याने तिला एक नवा दाखला मिळवून दिला.

आणि मक्त्याचा वचक जे कैदी नव्हते त्यांच्यावरही होता. वाट्याने शेती करणारा कृष्णवर्णीय शेतकरी हिशेबात फसवला गेला, तरी तोंड उघडायला भीत असे. मळा सोडून निघाला तर वाटेत उनाड म्हणून धरतील, ही धास्ती. शिवाय उचलीचा फास होताच. उचल म्हणजे काय, हे आपल्या ऊसतोड मजुराला वेगळे सांगायला नको. अलाबामात असा कायदा होता, की मजुराने आगाऊ पैसे घेतले आणि काम अर्धवट सोडले, तर त्याचा हेतू फसवणुकीचाच होता असे धरून चालायचे. अलोन्झो बेली या मजुराने १५ डॉलर उचल घेऊन वर्षभराच्या कामाचा करार केला आणि महिन्याभरानंतर काम सोडले. त्याला गुन्हेगार ठरवून दंड आणि सक्तमजुरी झाली. हे प्रकरण थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कर्ज फेडले नाही या कारणासाठी माणसाला गुन्ह्याचा धाक घालून राबवणे म्हणजे तेराव्या दुरुस्तीचा भंग आहे. निकाल चांगला होता. पण निकाल दिल्लीत लागला म्हणून गल्लीतला पाटील बदलतो असे नाही, हे आपणही जाणतो. तिकडेही तसेच झाले.

त्याच १९११ सालच्या एप्रिलमध्ये अलाबामात बॅनर नावाच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. १२८ माणसे मेली. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय कैदी होते, आणि पुष्कळजण किरकोळ गुन्ह्यांपायी आत आलेले. तरीही अलाबामातला मक्ता पुढे सतरा वर्षे चालूच राहिला.

मग हे बंद कसे झाले? कोणा एका सत्पुरुषाच्या मनात आले आणि झाले, असे नाही. त्याला पुष्कळ हात लागले.

पहिला हात मजुरांचा. खाणीत कैदी फुकट राबू लागले, की बाहेरच्या मजुराची मजुरी पडते. त्याने संप केला तर मालक आणखी कैदी आणतो. टेनेसी राज्यात कोल क्रीक या ठिकाणी १८९१ साली खाणमजुरांनी बंदुका घेऊन कैद्यांच्या छावणीला वेढा दिला आणि कैदी आगगाडीत बसवून परत पाठवून दिले. पुढे तर छावण्या जाळून कैद्यांना मोकळेच सोडले. सरकारने पलटणी पाठवून बंड मोडले. पण पलटणींचा खर्च मक्त्याच्या फायद्याहून जड जाऊ लागला आणि टेनेसीने तो मक्ता १८९६ पासून पुढे चालवला नाही.

दुसरा हात लिहिणाऱ्यांचा. गुलाम म्हणून जन्मलेल्या आयडा बी. वेल्स या बाईंनी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी एक पुस्तिका काढली. जगभरचे लोक अमेरिकेचे वैभव पाहायला आले असता त्यांच्या हाती ती ठेवावी, हा हेतू. तिच्यात एक प्रकरण कैद्यांच्या मक्त्यावर होते. १९०७ साली मेरी चर्च टेरेल यांनी एका इंग्रजी मासिकात याच विषयावर सविस्तर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी जॉर्जियाने मक्ता बंद केला.

तिसरे कारण सांगताना मन खट्टू होते. उत्तरेकडच्या नॉर्थ डाकोटा राज्यातला मार्टिन टॅबर्ट हा बावीस वर्षांचा गोरा तरुण कामाच्या शोधात फिरत फ्लोरिडात आला. तिकिटाविना आगगाडीत चढला म्हणून त्याला धरले आणि २५ डॉलर दंड केला. दंड भरता येईना, म्हणून त्याला एका लाकडाच्या कंपनीकडे कामाला दिले. आईबापांनी पैसे पाठवले होते. पण ते पाकीट शेरीफच्या कचेरीतून परत आले. १९२२ च्या फेब्रुवारीत मुकादमाने केलेल्या मारहाणीनंतर तो मेला. आईबापांनी पाठपुरावा केला, न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने प्रकरण लावून धरले, आणि १९२३ साली फ्लोरिडात कैदी मक्त्याने देणे बंद झाले. पन्नास वर्षे कृष्णवर्णीय मरत होते तेव्हा जे कायदेमंडळ हलले नाही, ते एका गोऱ्या मुलाच्या मृत्यूने हलले. त्या मुलाचे दुःख यामुळे कमी होत नाही. पण ही नोंद ठेवली पाहिजे.

सर्वांत शेवटी, १९२८ साली, अलाबामाने आपले कैदी खाणींतून बाहेर काढले. राज्यांनी उघडपणे कैदी खासगी धन्याला देण्याची पद्धत तेव्हा संपली.

मक्ता संपला, तरी सक्तीचे काम संपले नाही. राज्यांनी तेच कैदी आपल्या कामाला लावले. पायांत साखळ्या घालून रस्ते बांधवले; सरकारी शेतांवर राबवले. लुइझियाना राज्यातला अंगोला तुरुंग १८,००० एकरांवर पसरला आहे. ही जमीन पूर्वी गुलामांच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या मळ्यांची होती, आणि आफ्रिकेतील ज्या अंगोला प्रदेशातून गुलाम आणत, त्याचेच नाव मळ्याला पडले होते. पुढे तेथे मक्तेदाराचे कैदी आले. १९०१ साली राज्याने ताबा घेतला. आजही तेथले कैदी घोड्यावरच्या सशस्त्र पहारेकऱ्यांच्या नजरेखाली शेतात काम करतात आणि तासाला काही सेंट मिळवतात. अलाबामा, जॉर्जिया, टेक्सास अशा राज्यांत तुरुंगातल्या बहुतेक कामांना मजुरीच दिली जात नाही. तेराव्या दुरुस्तीतला तो अपवाद अजून तसाच आहे. मात्र काही राज्यांनी आपापल्या घटनांतून तसले शब्द काढून टाकले आहेत. कोलोरॅडोने २०१८ साली, नेब्रास्का व युटा यांनी २०२० साली, तर अलाबामा, टेनेसी, ओरेगन व व्हरमाँट यांनी २०२२ साली मतदारांचा कौल घेऊन हे केले. कॅलिफोर्नियात २०२४ साली तशीच सूचना मतदारांनी फेटाळली. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

येथे एक शंका कोणीही काढील. कैद्याने काम करू नये की काय? नुसते बसवून खाऊ घालायचे? शंका रास्त आहे. रिकामे हात माणसाला आणखी बिघडवतात. आपल्याकडच्या तुरुंगांतही हातमाग चालतात, सुतारकाम चालते, आणि सुटून आलेला माणूस त्या कसबावर पोट भरू शकतो. वाईट काम हे नव्हे. वाईट ते हे, की कैद्याच्या कामात दुसऱ्या कोणाचा तरी नफा अडकलेला असावा आणि त्या नफ्यासाठी कैदी पैदा केले जावेत. १९३० साली सक्तीच्या मजुरीविरुद्ध जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात ही मेख बरोबर ओळखलेली आहे. शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम घेता येईल. पण ते सरकारी देखरेखीखाली, आणि त्याला खासगी माणसाच्या किंवा कंपनीच्या हवाली करता येणार नाही, असे तो करार सांगतो. भारताने तो १९५४ साली मान्य केला. आपल्या राज्यघटनेचे २३ वे कलम माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी करते. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या कैद्याकडून काम घेणे म्हणजे वेठबिगार नव्हे, परंतु त्या कामाची वाजवी मजुरी त्याला मिळाली पाहिजे, असा निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला.

या सर्व हकिकतीत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना तो आदराने अर्पण केला. पुण्यात बसून इतक्या दूरच्या दुःखाशी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा सांधा त्यांनी जोडला. त्याच १८७३ साली जॉर्जियात आणि मिसिसिपीत कैद्यांचे तांडे लोहमार्गांवर आणि मळ्यांवर मरत होते. म्हणून जोतीरावांची अर्पणपत्रिका चुकीची ठरते का? मुळीच नाही. चाळीस लाख माणसांची बेडी तुटली, हे खरेच होते, आणि ते तोडणारे आदरास पात्रच होते. पण दास्य हटवल्यावर मागे वळून पाहावे लागते. कायदा झाला त्या दिवशी ढोल वाजतात. त्या कायद्यातला ‘मात्र’ आणि ‘परंतु’ पुढे कोणी वाचत नाही. ज्याला जुनी रीत चालू ठेवायची असते, तो नेमका तेवढाच भाग वाचतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्गात गुलामगिरीचा धडा शिकवताना १८६५ हे साल फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याच्याखाली १९२८ हेही साल लिहा. मधली त्रेसष्ट वर्षे कशी गेली, असा प्रश्न मुले आपोआप विचारतील. आणि खेड्यातल्या मंडळींनी एक खूणगाठ बांधावी: दंड, फी, उचल आणि धाक या चार गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे कागदावर काहीही लिहिलेले असो, नीट चौकशी करावी.

शुगर लँडच्या त्या शाळेचे पुढे काय झाले? शाळा उभी राहिली. २०१९ च्या नोव्हेंबरात त्या पंचाण्णव जणांना, जेथे ते सापडले तेथेच, सन्मानाने पुन्हा मूठमाती देण्यात आली. रेजिनाल्ड मूर २०२० साली वारले. पण आपले म्हणणे खरे ठरल्याचे पाहूनच ते गेले. आज त्या शाळेत हातांचे कसब आणि उद्योग शिकवले जातात. शिकायला येणारी मुले त्या कबरींच्या शेजारून वर्गात जातात. कोणी मुलाने विचारले, ही माणसे कोण होती, तर आता त्याला उत्तर देता येते.